पणजी लोकसभा मतदारसंघ, १९६३ ते २००८ : प्रकल्प नोंदी

९ जून २०२५

कामाची हद्द ठरवली. पणजी नावाचा लोकसभा मतदारसंघ २००८ च्या फेररचनेत कागदावरून गेला. त्याच्या जागी उत्तर गोवा आला आणि मुरगावच्या जागी दक्षिण गोवा. पणजीची पहिली निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली, शेवटची २००४ मध्ये. निवडणुका एकंदर बारा, म्हणून मुख्य तक्त्यात ओळी बाराच. २००९ पासूनच्या निवडणुका वेगळ्या पानावर जातील, त्या या तक्त्यात मिसळायच्या नाहीत.

रकाने तेरा : मतदानाची तारीख, लोकसभा क्रमांक, विजयी उमेदवार, छापील पक्ष, युती वा पाठिंबा, एकूण मतदार, झालेले मतदान, बाद मते, वैध मते, विजयी उमेदवाराची मते, दुसऱ्या क्रमांकाचा उमेदवार व मते, मताधिक्य, शेरा. टक्केवारीला रकाना दिलेला नाही. ती सूत्राने काढायची, हाताने लिहायची नाही. हाताने लिहिलेली टक्केवारी पुढे कोणी तपासत नाही आणि एकदा चुकली की तीच सगळीकडे फिरते.

मूळ आधार निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल आणि लोकसभेची सदस्यसूची. वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून पाहायच्या, पण त्या तारखा, युत्या आणि प्रचाराचा संदर्भ मिळवण्यासाठी. मतमोजणीच्या रात्री छापलेला आकडा अंतिम नसतो. दुसऱ्या दिवशीच्या अंकात तो बदललेला दिसतो, म्हणून आकड्यासाठी वर्तमानपत्र वापरायचे नाही.

१२ जून

पहिल्याच ओळीला अडथळा. तयार तक्त्यांत पणजीची पहिली निवडणूक सर्रास ‘१९६२’ अशी दिसते. देशात तिसऱ्या लोकसभेची निवडणूक १९६२ च्या फेब्रुवारीत झाली आणि गोव्याचे खासदार त्याच तिसऱ्या लोकसभेत बसले. त्यामुळे तक्ता करणारा लोकसभेच्या क्रमांकावरून वर्ष भरतो. प्रत्यक्षात गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी, घटनेच्या बाराव्या दुरुस्तीने तो संघप्रदेश झाला १९६२ मध्ये, आणि मधल्या काळात लोकसभेत गोव्याचे सदस्य नेमलेले होते. मतपेटी पहिल्यांदा उघडली ती डिसेंबर १९६३ मध्ये. विधानसभेच्या ३० आणि लोकसभेच्या २ जागांसाठी मतदान एकाच दिवशी झाले.

म्हणून वर्ष आणि लोकसभा क्रमांक हे रकाने एकमेकांवरून भरायचे नाहीत. ओळ १ मध्ये तारीख ९ डिसेंबर १९६३, लोकसभा तिसरी.

तारखेबाबत आणखी एक. ‘९-१२-१९६३’ असे टाइप केले आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असली, तर एक्सेल ते १२ सप्टेंबर समजतो आणि काही न बोलता बदलून टाकतो. पेशीवर तारीख बरोबरच दिसते, क्रम लावल्यावर चूक कळते. तारखेचा रकाना आधी ‘मजकूर’ करून घ्यावा आणि तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहावी : १९६३-१२-०९.

विजयी पीटर आल्वारीस. ते प्रजा समाजवादी पक्षाचे होते आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) व प्रजा समाजवादी यांची त्या निवडणुकीत युती होती. मुरगावातून मगोचे मुकुंद शिंक्रे. कोणी आल्वारीसांना सरळ मगोत घालतो, कोणी प्रजा समाजवादीत, कोणी अपक्षात. पक्षाचे दोन रकाने ठेवले ते याचसाठी. छापील पक्ष म्हणजे आधाराच्या कागदावर जे असेल ते, आणि युती वेगळी. दोन्ही एका रकान्यात कोंबले की ‘मगोने पणजी किती वेळा जिंकली’ या साध्या प्रश्नाला दोन उत्तरे येतात.

१६ जून

पणजी दोन आहेत. एक विधानसभेची, एक लोकसभेची. शोधयंत्रात ‘पणजी मतदारसंघ’ घातले की मनोहर पर्रीकर वर येतात. ते १९९४ मध्ये पहिल्यांदा पणजीचे आमदार झाले. लोकसभेत ते कधीच नव्हते. संरक्षणमंत्री असताना ते उत्तर प्रदेशातून राज्यसभेवर होते. आलेल्या मजकुरात विधानसभेचे आणि लोकसभेचे आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे आकड्याचा आकार. पणजी शहराच्या विधानसभा मतदारसंघात आजही मतदार २२ हजारांच्या आसपास आहेत, तर उत्तर गोवा लोकसभेत साडेपाच-पावणेसहा लाख. विजयी मते पाच आकडी आणि तीही खालच्या पाच आकडीत असतील, तर ती ओळ विधानसभेची समजून बाजूला काढावी.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट कळते आणि ती या कामात शेवटपर्यंत धरून ठेवावी लागेल. या मतदारसंघाला शहराचे नाव होते, पण अंग खेड्यांचे होते. पेडणे, बार्देश, तिसवाडी, डिचोली, सत्तरी या पाच तालुक्यांचा हा पट्टा. शंभर मतदारांत पणजी शहराचे चार-पाच. ‘पणजीने मगोला निवडले’ असे वाक्य लिहिले की वाचकाच्या डोळ्यांपुढे मांडवीचा काठ आणि चर्च स्क्वेअर उभे राहते. मते मात्र मोरजी, सर्वण, केरी, ठाणे अशा गावांतून आलेली असतात. शहरी मतदारसंघांच्या राष्ट्रीय याद्यांत पणजी केवळ नावावरून घातलेली असते. आपल्या शेऱ्यात ‘राजधानीच्या नावाचा, मुख्यतः ग्रामीण’ असे स्पष्ट लिहिले आहे.

नावाची रूपे गोळा केली : पणजी, पंजिम, पांजी, पोर्तुगीज वळणाचे पांजीं. मुरगावचे याहून वाईट. मुरगाव, मार्मागोवा, मोर्मुगाव, मुरगांव, आणि रोमन लिपीत निदान चार वर्णलेखने. प्रत्येक रूप वेगळ्या पानावर लिहून समोर एक संकेतांक दिला (गो-१ पणजी, गो-२ मुरगाव). तक्त्यात फक्त संकेतांक जाईल.

२० जून

१९६७ ची ओळ. देशात मतदान फेब्रुवारीत झाले, गोव्यात २८ मार्चला. कारण जनमत कौल. गोव्याच्या महाराष्ट्रातील विलिनीकरणाच्या प्रश्नावर १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. त्यासाठी बांदोडकर मंत्रिमंडळाने डिसेंबरातच पद सोडले होते आणि राष्ट्रपती राजवट लागली होती. फुलाला (विलिनीकरण) १,३८,१७०, दोन पानांना (संघप्रदेश) १,७२,१९१. फरक ३४,०२१.

हा आकडा लोकसभेच्या तक्त्यात कुठेही घालायचा नाही, शेऱ्यात संदर्भ म्हणून चालेल. कौलाला पक्ष नव्हते, प्रश्न होता. पण पणजी मतदारसंघ समजून घ्यायचा तर कौलाशिवाय गत्यंतर नाही, कारण या मतदारसंघाच्या मधून तीच रेघ जाते. बार्देश आणि तिसवाडी जुन्या काबिजादीतले (पोर्तुगीजांनी आधी जिंकलेला भाग), पेडणे, डिचोली, सत्तरी नव्या काबिजादीतले (नंतर जिंकलेला). पहिल्या दोघांचा कल दोन पानांकडे, दुसऱ्या तिघांचा फुलाकडे. मुरगाव मतदारसंघात सासष्टी तालुक्याचे वजन एवढे की कौल एका बाजूला झुकलेलाच. पणजीत दोन्ही पारडी भरलेली. पुढच्या साऱ्या निकालांची मुळे इथे आहेत, असे आमचे मत.

१९६७ मध्ये लोकसभेवर जनार्दन शिंक्रे गेले. सदस्यसूचीत अपक्ष. मुरगावातून युगोचे (युनायटेड गोवन्स पक्ष) इरास्मो सिक्वेरा, जॅक सिक्वेरांचे पुत्र.

२७ जून

नावे. हा भाग कंटाळवाणा, पण सगळ्यात जास्त चुका इथेच निघाल्या.

शिंक्रे दोन : मुकुंद (मुरगाव, १९६३) आणि जनार्दन (पणजी, १९६७). नुसत्या आडनावावरून जुळणी केली की एकच माणूस दोन मतदारसंघांतून लागोपाठ निवडून आला असे दिसते. काकोडकर दोन : पुरुषोत्तम काकोडकर १९७१ मध्ये पणजीचे खासदार, काँग्रेसचे, जनमत कौलाच्या खटपटीतले एक प्रमुख नाव, अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांचे वडील. शशिकला काकोडकर या भाऊसाहेब बांदोडकरांच्या कन्या, मगोच्या, १९७३ पासून मुख्यमंत्री, लोकसभेशी संबंध नाही. राणे दोन : संयोगिता राणे (पणजी, जानेवारी १९८०, मगो, गोव्यातून लोकसभेवर निवडून गेलेल्या पहिल्या महिला) आणि प्रतापसिंह राणे, ज्यांनी त्याच महिन्यात मुख्यमंत्रिपद घेतले. एक मगोच्या, एक काँग्रेसचे. वर्ष तेच, आडनाव तेच. यंत्राने केलेली जुळणी इथे हमखास घसरते.

नाईक तीन, आणि तिघेही याच मतदारसंघाचे : शांताराम (१९८४), रवी (१९९८), श्रीपाद (१९९९ व २००४). एका तयार तक्त्यात तिघांचे मिळून ‘नाईक, चार वेळा’ झालेले दिसले.

उपाय : प्रत्येक व्यक्तीला क्रमांक, पूर्ण नावासह. आडनावावर कधीही गट पाडायचा नाही. शिवाय एकाच नावाची दोन लेखने संगणकाला दोन माणसे वाटतात : आल्वारीस-आल्वारिस, झांट्ये-झाट्ये, नाईक-नायक, पर्रीकर-पर्रिकर. ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप करता येतो; डोळ्यांना सारखा दिसला तरी आतले संकेत वेगळे असतात. नावे एकदा व्यक्तिसूचीत टाइप करून तक्त्यात तिथूनच ओढावीत. पुन्हा टाइप करू नयेत.

४ जुलै

पक्षांचा रकाना. ‘काँग्रेस’ हा एक शब्द पुरत नाही. १९७१ ची काँग्रेस म्हणजे फुटीनंतरची इंदिरा गांधींची, चिन्ह गाय-वासरू. जानेवारी १९८० मध्ये गोव्यात जोर होता तो अर्स काँग्रेसचा (देवराज अर्स यांचा गट). विधानसभेच्या ३० पैकी २० जागा तिने घेतल्या आणि निकालानंतर थोड्याच काळात ही मंडळी इंदिरा काँग्रेसमध्ये गेली. एदुआर्द फालेरो त्या वर्षी मुरगावातून अर्स काँग्रेसवरच आले. ती ओळ पुढच्या काळाच्या नजरेने नुसती ‘काँग्रेस’ लिहिली तर १९८० चा सगळा गुंता नाहीसा होतो. छापील पक्ष जसाच्या तसा ठेवायचा. ‘पक्षकुळी’ हा चौदावा रकाना वाढवला, तिथे मात्र एकत्र मोजायला हरकत नाही.

मगोचा सिंह आणि काँग्रेसची बदलती चिन्हे शेऱ्यात दिली. जुन्या बातम्यांत पक्षाचे नाव न घेता ‘सिंहाला मते’ असे लिहिलेले असते. चिन्ह ठाऊक नसेल तर वाक्य कळत नाही.

११ जुलै

बारा ओळी नावानिशी भरल्या. क्रम असा :

१९६३ पीटर आल्वारीस, १९६७ जनार्दन शिंक्रे, १९७१ पुरुषोत्तम काकोडकर (काँग्रेस), १९७७ अमृत कांसार (मगो), १९८० संयोगिता राणे (मगो), १९८४ शांताराम नाईक (काँग्रेस), १९८९ गोपाळराव मयेकर (मगो), १९९१ हरीश झांट्ये (काँग्रेस), १९९६ रमाकांत खलप (मगो), १९९८ रवी नाईक (काँग्रेस), १९९९ श्रीपाद नाईक (भाजप), २००४ श्रीपाद नाईक (भाजप).

बारा निवडणुका, अकरा माणसे. २००४ पूर्वी पणजीने एकाही खासदाराला दुसऱ्यांदा पाठवले नाही. चाळीस वर्षांत असा एकही अपवाद नाही. शेजारच्या मुरगावात फालेरो १९७७, १९८०, १९८४, १९८९, १९९१ असे पाच वेळा ओळीने आले. एवढ्याशा गोव्यात दोन मतदारसंघ, आणि एवढा फरक. या तक्त्यातली सगळ्यात लक्ष देण्याजोगी गोष्ट हीच.

घाईने ‘पणजीचा मतदार चंचल’ असे लिहू नये. मुदती पाहाव्यात. मयेकरांना डिसेंबर १९८९ ते मार्च १९९१ एवढाच काळ मिळाला, खलपांना मे १९९६ ते डिसेंबर १९९७, रवी नाईकांना मार्च १९९८ ते एप्रिल १९९९. तिघांचे मिळून जेमतेम चार वर्षे. लोकसभाच तीनदा लवकर मोडली. उलट काकोडकरांची लोकसभा आणीबाणीत वाढली आणि पावणेसहा वर्षांच्या वर चालली. त्यामुळे ‘किती निवडणुका’ आणि ‘किती वर्षे’ या दोन्ही मोजण्या द्याव्या लागतील. मुदतीचा पंधरावा रकाना, महिन्यांत.

पक्षांच्या बाजूने पाहिले तर मगो चार (१९६३ ची युती वेगळी), काँग्रेस चार, भाजप दोन. १९८४ ते १९९८ या पाच निवडणुका पाहा : काँग्रेस, मगो, काँग्रेस, मगो, काँग्रेस. पाळीपाळीने. यामागे एकच मोठे मन फिरत नव्हते. जुनी आणि नवी काबिजाद यांची पारडी जवळपास सारखी होती, आणि बार्देश-तिसवाडीतल्या थोड्या मतांच्या हालचालीने किंवा तिसऱ्या उमेदवाराने तोल जात होता. भाजप आला तो मगोच्या घरातूनच. १९९४ ला दोघांची युती झाली, विधानसभेत भाजपला पहिल्या चार जागा मिळाल्या, आणि पाच वर्षांत लोकसभेची जागा मोठ्या भावाकडून धाकट्याकडे गेली.

१९७७ ची ओळ जशी आहे तशी इथे देत आहोत, कारण देशाच्या नकाशावर ती खटकते. ‘गो-१, सहावी लोकसभा, अमृत कांसार, महाराष्ट्रवादी गोमंतक. शेरा : मुरगावात काँग्रेस.’ जनता लाटेच्या वर्षी गोव्याच्या दोन्ही जागांवर जनता पक्ष नाही. त्याच वर्षी जूनमध्ये विधानसभेत मगो १५, काँग्रेस १०, जनता ३. राष्ट्रीय लाटेचा रकाना ठेवायचा बेत होता, तो या ओळीनंतर सोडून दिला.

१८ जुलै

आकडे उतरवताना काय बिघडते.

छापील अहवालाचे स्कॅन पुसट. अक्षरओळख करणारी आज्ञावली १ आणि ७, ३ आणि ८, ० आणि ६ यांत गल्लत करते. त्याहून त्रासदायक म्हणजे रकान्याची उभी रेघ ती १ समजते आणि आकडा एकदम दसपट होतो. तपासणी एकाच मार्गाने : वैध मते = सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज, झालेले मतदान = वैध + बाद, मताधिक्य = पहिला वजा दुसरा. तिन्ही जुळले तरच ओळ हिरवी करायची. एक जरी जुळले नाही तरी ती पिवळी राहते. पिवळ्या ओळीतला आकडा कोणाला द्यायचा नाही.

स्वल्पविराम : ‘१,३७,७१६’ हा आकडा सीएसव्ही (स्वल्पविरामाने रकाने तोडणाऱ्या) फायलीत तसाच गेला तर त्याचे तीन रकाने होतात आणि पुढची सगळी ओळ दोन घरे सरकते. साठवताना स्वल्पविराम काढावेत, दाखवताना घालावेत. देवनागरी अंकांत टाइप केलेली संख्या एक्सेल मजकूर धरतो, बेरजेत ती मोजलीच जात नाही, आणि तसा इशाराही देत नाही. आतल्या तक्त्यात इंग्रजी अंक (0 ते 9), छापायच्या प्रतीत देवनागरी. फाइल साठवताना यूटीएफ-८ बीओएमसह निवडावे, नाही तर एक्सेलमध्ये उघडल्यावर सगळ्या नावांच्या जागी चौकटी-चिन्हे दिसतात.

बाद मते विसरू नयेत. कागदी मतपत्रिकेच्या काळात चुकीचा शिक्का, दोन शिक्के, कोरी पत्रिका अशी मते बाद होत. टक्केवारी वैध मतांवर काढायची की झालेल्या मतदानावर, हे आधी ठरवले नाही तर १९७१ आणि २००४ यांची तुलना व्यर्थ. आम्ही वैध मतांवर काढतो. मतदानाचे प्रमाण मात्र झालेले मतदान भागिले एकूण मतदार.

२५ जुलै

फेररचना. हा दिवस पूर्ण यावरच गेला आणि अजून पुरेल.

विधानसभेच्या जागा सुरुवातीला ३० : गोव्याच्या २८, दमण १, दीव १. गोवा ३० मे १९८७ रोजी राज्य झाले, दमण-दीव वेगळे झाले आणि गोव्याच्या जागा ४० झाल्या. चाळीस जागांची पहिली विधानसभा नोव्हेंबर १९८९ ची. तेव्हापासून लोकसभेच्या प्रत्येक जागेखाली विधानसभेचे २० भाग. १९८७ पूर्वीच्या ‘गोवा’ या बेरजेत दमण-दीव धरलेले असतात, हे प्रत्येक आलेखाखाली लिहायचे.

मग २००१ च्या जनगणनेवरची फेररचना, न्या. कुलदीप सिंग आयोगाची, १९ फेब्रुवारी २००८ पासून लागू. जुनी चाळीस नावे आणि नवी चाळीस नावे शेजारी ठेवली. ३६ नावे दोन्हीकडे आहेत. गेलेली चार : धारगळ, पाळी, लोटली, पैंगिण. आलेली चार : पर्वरी, साखळी, दाबोळी, नुवे.

तालुक्यांनी मांडले की अर्थ लागतो. पेडण्यात तीन होते (मांद्रे, पेडणे, धारगळ), दोन उरले. धारगळ अनुसूचित जातींसाठी राखीव होता, ते आरक्षण पेडण्यावर आले. बार्देशात सहाचे सात झाले, पर्वरी वाढला. डिचोलीत तीनचे तीन, पाळी गेला, साखळी आला. सासष्टीत लोटली गेला, नुवे आला. मुरगाव तालुक्यात दाबोळी वाढला, काणकोणात पैंगिण कमी झाला. म्हणजे दोन्ही टोकांच्या तालुक्यांचा एकेक आमदार कमी झाला, आणि पर्वरी पठार व वास्कोच्या आसपासच्या वस्तीला तो मिळाला. लोक जिकडे राहायला गेले तिकडे जागा गेली.

आता सावधगिरी. पाळी = साखळी, धारगळ = पेडणे अशी समीकरणे तक्त्यात लिहायची नाहीत. हे नामांतर नाही, गावे वाटली गेली आहेत. आणि ज्या ३६ जागांचे नाव तेच राहिले त्यांच्याही सीमा तशाच राहिल्या असे धरू नये. २००७ च्या विधानसभेतला ‘हळदोणा’ आणि २०१२ चा ‘हळदोणा’ एकाच रेषेत जोडून आलेख काढणे चूक. आलेखात २००८ ला रेघ तोडायची.

दुवा लावायचा तर तो मतदान केंद्रांच्या यादीवरून, गावागणिक. पद्धत : २००७ ची आणि २०१२ ची केंद्रयादी घ्यावी, केंद्राच्या इमारतीचे नाव (प्राथमिक शाळा, पंचायतघर) व गाव जुळवावे, प्रत्येक जुळणीला ‘पूर्ण’, ‘अर्धी’, ‘नाही’ अशी खूण करावी. केंद्रक्रमांकावरून जुळवू नये, ते प्रत्येक वेळी नव्याने पडतात. शाळा बंद होऊन केंद्र शेजारच्या वाड्यावर गेले असेल तर गाव तेच, इमारत वेगळी. ती ‘पूर्ण’च धरावी, शेऱ्यासह.

उत्तर गोवा लोकसभा आज : वरच्या पाच तालुक्यांतले १९ भाग आणि फोंडा तालुक्यातला प्रियोळ, मिळून वीस. फोंडा, शिरोडा, मडकई दक्षिण गोव्यात. लोकसभा मतदारसंघ आणि जिल्हा एक नव्हेत. फोंडा तालुका २०१५ पर्यंत उत्तर गोवा जिल्ह्यात होता, नंतर दक्षिणेत गेला. जिल्ह्याच्या जनगणनेची लोकसंख्या घेऊन लोकसभेचे मतदार तपासायला बसले की आकडे कधीच जुळणार नाहीत.

८ ऑगस्ट

ओळींमधल्या उड्यांची कारणे शेऱ्यात घातली, नाही तर वाचणारा आपल्या मनाने कारण लावतो.

१९८४ ते १९८९ मतदारसंख्या एकदम वाढते. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले (एकसष्टावी दुरुस्ती, मार्च १९८९). लोकसंख्या तेवढी वाढलेली नाही. त्या दोन वर्षांतल्या मतदानाच्या प्रमाणाची तुलना करताना छेद बदलला आहे हे लक्षात ठेवावे.

१९९६ ते १९९८ उमेदवार कमी होतात. अनामत रक्कम लोकसभेसाठी ५०० रुपयांवरून १०,००० झाली. देशभरात उमेदवार १३,९५२ वरून ४,७५० वर आले. कमी उमेदवार म्हणजे मते कमी विखुरणार, मग विजयी उमेदवाराची टक्केवारी वाढणार. लोकप्रियता वाढली असे त्यावरून म्हणता येत नाही.

मतदान यंत्रे : जून १९९९ च्या विधानसभेत गोव्यात सगळीकडे यंत्रे होती, अख्खे राज्य यंत्रांवर गेले त्यात गोवा पहिला. २००४ ची लोकसभा देशभर यंत्रांवर. बाद मतांचा रकाना त्या ओळीत जवळपास मोकळा पडतो, ती टंकनाची चूक नव्हे.

नमुना २० (अंतिम निकालपत्रक) मध्ये केंद्रनिहाय मते असतात, भागागणिक. वीस भागांची बेरीज केली तरी एकूण मतांशी जुळत नाही, थोडी कमी पडते. टपाली मते भागांत धरत नाहीत, ती निर्णय अधिकाऱ्याकडे वेगळी मोजली जातात. फरक टपाली मतांइतका असला पाहिजे, अगदी एका मताने जरी जास्त-कमी असेल तरी कुठल्यातरी केंद्राचा आकडा चुकला आहे.

२२ ऑगस्ट

एकाच वेळच्या विधानसभा निकालांशी पडताळणी. १९८० : विधानसभेत मगो ३० पैकी ७ वर घसरली, आणि त्याच वेळी पणजीची लोकसभा मगोकडे. हा विरोध वाटतो, पण जागा आणि मते वेगळ्या चालीने चालतात. लहान मतदारसंघांत थोडक्यात हरलेली मते लोकसभेच्या एका मोठ्या पारड्यात एकत्र पडली. १९८९ : काँग्रेस २०, मगो १८, आणि पणजीतून मगोचे मयेकर, ज्ञानेश्वरीचे अभ्यासक आणि वक्ते. १९९९ : जूनमध्ये काँग्रेस ४० पैकी २१, भाजप १०. त्याच वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या लोकसभेत दोन्ही जागा भाजपच्या, पणजीत श्रीपाद नाईक आणि मुरगावात रमाकांत आंगले. चार महिन्यांत एवढा फरक. विधानसभेच्या निकालावरून लोकसभेचा अंदाज बांधणाऱ्यांनी ही एक ओळ भिंतीवर लावावी.

२५ ऑगस्ट

चवथीमुळे महिनाअखेरपर्यंत काम बंद. पिवळ्या ओळींची यादी फायलीत वर ठेवली आहे.

५ सप्टेंबर

दुसरे पान : उत्तर गोवा. मुख्य तक्त्याला न जोडता, पण वाचणारा विचारणारच म्हणून.

२००९ : श्रीपाद नाईक १,३७,७१६, जितेंद्र देशप्रभू १,३१,३६३, मताधिक्य ६,३५३. २०१४ : नाईक २,३७,९०३, रवी नाईक १,३२,३०४, मताधिक्य १,०५,५९९. २०१९ : नाईक २,४४,८४४, गिरीश चोडणकर १,६४,५९७, मताधिक्य ८०,२४७. २०२४ : नाईक २,५७,३२६, रमाकांत खलप १,४१,३११, मताधिक्य १,१६,०१५. चारही वजाबाक्या जुळल्या, चारही ओळी हिरव्या.

पणजीचे दोन माजी खासदार, रवी नाईक आणि खलप, नव्या नावाच्या मतदारसंघात पुन्हा उभे राहिले आणि हरले. खलप १९९६ ला मगोचे होते, पुढे देवेगौडा व गुजराल सरकारांत कायदा राज्यमंत्री, २०२४ ला काँग्रेसचे. व्यक्तिक्रमांक एकच, पक्ष दोन. व्यक्तिसूचीत पक्षाचा रकाना का नाही याचे हे उत्तर.

२०१४ पासून ‘वरीलपैकी कोणीही नाही’ ही मते येतात. अनामत जप्तीचा एक-षष्ठांश काढताना ती वैध मतांत धरत नाहीत. टक्केवारीसाठी आम्हीही धरलेली नाहीत, तसे पानाच्या माथ्यावर लिहिले.

श्रीपाद नाईक १९९९ पासून सलग सहा वेळा आले असे म्हणणे बरोबर, पण ‘उत्तर गोव्यातून सहा वेळा’ हे चूक. दोन पणजीतून, चार उत्तर गोव्यातून.

१२ सप्टेंबर

छापायच्या प्रतीची मांडणी. नकाशा दोन थरांत : जुनी हद्द तुटक रेघेने, नवी सलग. नकाशावर ‘पणजी’ हे अक्षर एकदाच येईल, शहराच्या ठिपक्याजवळ. मतदारसंघाचे नाव मोठ्या अक्षरांत पसरून बार्देश ते सत्तरी असे टाकले होते, पहिल्या कच्च्या प्रतीत ते पाहणाऱ्याला शहरच सत्तरीपर्यंत गेल्यासारखे वाटले. आता ते ‘गो-१’ केले आणि खाली बारीक टाइपात पाच तालुक्यांची नावे.

जुने नाव शेवटचे वापरले गेले ते पणजीसाठी नव्हे, मुरगावसाठी. चर्चिल आलेमाव विधानसभेत गेल्याने २००७ मध्ये तिथे पोटनिवडणूक झाली आणि फ्रान्सिस सार्दिन आले. पणजीच्या तक्त्यात पोटनिवडणुकीची ओळ नाही. पोटनिवडणुकीसाठी मध्ये वाढवलेला रकाना काढून टाकला, शेरा एक घर डावीकडे सरकवला. सूत्रे पुन्हा तपासावी लागतील : मताधिक्याचे सूत्र अजून जुन्या घराकडे पाहत आहे.